अन्न नव्हे, हात तपासणारे!

२५ डिसेंबर हा दिवस आंबेडकरी माणूस विसरू शकत नाही. १९२७ साली याच दिवशी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. १९५४ साली याच दिवशी बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात तथागत बुद्धांच्या मूर्तीची प्रतिष्ठापना केली. म्हणूनच दरवर्षी या तारखेला महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून आपली माणसे देहूरोडला येतात. परवाच्या २५ डिसेंबरला आम्हीही गेलो. आम्ही चौघे होतो. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले एक काका, चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे राबणारा त्यांचा पुतण्या, तीस वर्षे चळवळीत आमच्या खांद्याला खांदा लावून उभे असलेले एक मुस्लीम शिक्षक आणि आम्ही. या शिक्षकांना सगळे गुरुजीच म्हणतात.

वंदना झाली, पुस्तकांच्या स्टॉलवर पिशव्या भरल्या आणि परतीच्या वाटेवर निगडी लागली. तुकोबा आणि शिवरायांच्या भेटीचे शिल्प असलेला भक्ती-शक्ती चौक ओलांडला, तेव्हा दुपार कलली होती. सकाळपासून पोटात फक्त चहा होता. पुतण्या म्हणाला, "काका, मॉलमध्ये खाऊ. बसायला जागा असते, पंख्याखाली उभं राहावं लागत नाही."

वाटेतल्या एका मॉलमध्ये आम्ही शिरलो. वरच्या मजल्यावर खाण्याच्या दुकानांची रांग होती. एका दुकानाला चाकाच्या हातगाडीचे रूप दिले होते. चाके होती, पण ती कधीच फिरणार नव्हती. वर 'स्ट्रीट फूड' अशी पाटी होती. कबाब, खिमापाव, चिकन रोल, बिर्याणी असे पदार्थ होते आणि खाली लहान अक्षरांत एक शब्द होता, 'हलाल'. मॉलच्या फाटकाबाहेर खरा हातगाडीवाला उभा होता. त्याच्यासाठी २०१४ साली संसदेने पथविक्रेत्यांचा कायदा केला, तरी तो अतिक्रमणाची गाडी येते का म्हणून मान वळवून वळवून बघत होता. रस्त्यावरचे खाणे आत आले आणि रस्त्यावरचा माणूस बाहेर राहिला! पण आज तो विषय नाही.

आम्ही चार रोल आणि एक बिर्याणी घेऊन बसलो. शेजारच्या टेबलावर एक सुशिक्षित कुटुंब होते. त्यांच्या लहानग्या मुलीने कबाबचा हट्ट धरला. वडील काउंटरवर गेले, पाटी वाचली आणि तिथल्या पोराला विचारले, "बनवणारा कोण आहे?" पोराने नाव सांगितले. वडील परत आले आणि बायकोला म्हणाले, "त्यांचं आहे. चल, दुसरीकडे." जाताना त्यांची नजर गुरुजींच्या दाढीवर गेली. त्यांनी आपली खुर्ची आमच्यापासून अशी ओढून घेतली, जणू तिला काही लागेल.

गुरुजी काही बोलले नाहीत. त्यांनी आपला ट्रे उचलला. "तुम्ही बसा," म्हणाले, "मी तिकडे कोपऱ्यात बसतो. उगाच तुम्हाला त्रास नको." पुतण्याही चुळबुळत म्हणाला, "हां, नको लफडं." तेव्हा काकांनी गुरुजींचा हात धरला. "गुरुजी, बसा खाली. कोपऱ्यात बसायची आमची सवय मोडायला बाबासाहेबांना उभा जन्म घालवावा लागला. ती सवय आता तुम्ही लावून घेऊ नका."

गुरुजी बसले. आम्ही जेवलो. पण घास गोड लागला नाही. आणि म्हणूनच हा लेख.

मसूरची ती रात्र

वाचकहो, काकांच्या तोंडून जे निघाले त्यामागे एक इतिहास आहे. बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लिखाणात १९०१ सालचा एक प्रवास आहे. सातारा जिल्ह्यातल्या गोरेगावला वडील कॅशियर होते. त्यांना भेटायला छोटा भीम, त्यांचा भाऊ आणि मोठ्या बहिणीची दोन मुले मसूर स्टेशनवर उतरली. स्टेशनमास्तरने जात विचारली आणि त्याचा चेहरा बदलला. बैलगाडीवाले नेईनात. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक तयार झाला, पण अट अशी की गाडी पोरांनी हाकायची आणि तो चालत येणार!

त्या पोरांजवळ जेवणाचा डबा होता. भरपूर अन्न होते, पण पाणी नव्हते. वाटेत मिळाले ते गुराढोरांनी घाण केलेले, वास मारणारे पाणी. पाण्याविना घास उतरेना. रात्री टोलनाका लागला. गाडीवान म्हणाला, नाकेदार हिंदू आहे, महार म्हटलात तर पाणी देणार नाही. मुसलमान आहोत म्हणून सांगा. छोटा भीम नाकेदाराशी उर्दूत बोलला. तरीही पाणी मिळाले नाही. डोंगरावर पाणी आहे, हवे तर जाऊन घ्या, असे उत्तर आले. चार लेकरे भरला डबा उशाला घेऊन उपाशी झोपली.

या प्रसंगाकडे आम्ही नेहमी पाण्याच्या बाजूने पाहतो. जरा दुसऱ्या बाजूनेही पाहा. प्रवासात भूक लागलेल्या महाराच्या पोराला त्या रात्री मुसलमानाचे नाव घ्यावे लागले आणि ते नावही कामी आले नाही. नाकेदाराच्या लेखी दोन्ही नावांना पाणी नव्हते. प्रवासात माणसाची जात जितकी उघडी पडते तितकी घरी पडत नाही. घरी स्वतःचा माठ असतो, स्वतःची चूल असते. वाटेवर दुसऱ्याच्या हातचे घ्यावे लागते. म्हणूनच घटना लिहिताना अनुच्छेद १५ मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांचा नाव घेऊन उल्लेख झाला. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून तिथे कोणालाही मज्जाव करता येत नाही. मसूरच्या वाटेवर उपाशी झोपलेल्या मुलाने ते घटनेचे काम हाताळले होते, हे लक्षात ठेवले की त्या शब्दांची किंमत कळते.

आणि प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच लिखाणात १९३४ सालचा दौलताबादचा प्रसंग आहे. वेरूळ बघायला निघालेले बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी किल्ल्याच्या दारातल्या हौदावर हातपाय धुतात आणि एक वृद्ध मुसलमान ओरडत येतो की धेडांनी हौद बाटवला. रमजानचा महिना होता. जमाव जमला. म्हणजे अस्पृश्यतेचा रोग एकाच धर्माच्या घरात राहिला नाही. हा प्रसंग लपवून आम्ही गुरुजींशी मैत्री केलेली नाही. तो त्यांनाही पाठ आहे. "तो हौद आमच्या माथ्यावर आहे," असे ते सभेत स्वतः सांगतात. खरी मैत्री अशीच असते.

मनूची यादी आणि चुंदाचे जेवण

आता मुद्द्याचे बोलू. त्या गृहस्थाने काउंटरवर काय विचारले? मांस ताजे आहे का, तेल कोणते, मिरची किती, यातले काहीही विचारले नाही. "बनवणारा कोण आहे?" एवढेच विचारले. हा प्रश्न नवा आहे काय?

मनुस्मृतीचा चौथा अध्याय उघडा. कोणाकोणाचे अन्न खाऊ नये याची लांबलचक यादी तिथे दिली आहे. लोहार, सोनार, रंगारी, धोबी, चामड्याचे काम करणारा, बांबूचे काम करणारा, इतकेच काय, वैद्यसुद्धा! लक्षात घ्या, ही यादी कष्टाने जगणाऱ्या माणसांची आहे. अन्न कसे शिजवले याच्याशी तिला देणेघेणे नाही. अन्न तेच, तांदूळ तोच, चूलही तीच. फक्त हात कोणाचा एवढाच प्रश्न. पंचवीस डिसेंबरला महाडला जे जाळले ते हेच.

आणि याच्या शेजारी बुद्धाचे जीवन ठेवा. तथागतांचे शेवटचे भोजन कोणाच्या घरी झाले? चुंदाच्या घरी. चुंद कोण होता? लोहाराचा मुलगा. मनूने ज्याच्या हातचे निषिद्ध ठरवले त्याच्या हातचे अन्न सम्यक् संबुद्धाने घेतले. त्या जेवणानंतर प्रकृती ढासळली, तेव्हा तथागतांनी आनंदाला सांगून ठेवले की चुंदाला कोणी दोष देऊ नये, त्याच्या मनाला रुखरुख लागू नये. मरणाच्या दारात असताना वाढणाऱ्याच्या मनाची एवढी काळजी! भिक्षूंसाठी मांसाचा नियम होता तोही पाहा. आपल्यासाठी मारलेले पाहिले नाही, ऐकले नाही आणि तशी शंका नाही, असे तीन बाजूंनी शुद्ध मांस चालत असे. प्रश्न जिवाचा होता. वाढणाऱ्याच्या जातीचा नव्हता.

एका बाजूला मनू आणि दुसऱ्या बाजूला चुंदाचे घर. मॉलमधला प्रश्न कोणत्या बाजूचा आहे, हे सांगायला पंडित लागत नाही.

गावचा मुलाणी

काही मंडळी म्हणतात, आम्हाला माणसाचा राग नाही, पद्धतीचा राग आहे. ठीक. मग पद्धतीबद्दलही बोलू. हलाल म्हणजे विहित, योग्य. जनावर जिवंत आणि निरोगी असावे, अल्लाहचे नाव घ्यावे, गळ्यावर सुरी फिरवून रक्त वाहू द्यावे, अशी ती रीत. झटका म्हणजे एका घावात मान तोडणे. शीख बांधवांच्या मर्यादेत पहिली रीत चालत नाही. त्यांचा तो हक्क आहे आणि आम्ही त्याचा आदर करतो.

पण महाराष्ट्रात हा वाद कधीपासून? आपल्या गावगाड्यात मुलाणी होता. बलुत्यांच्या यादीत त्याचे नाव आहे. जत्रेत, नवसाला, सोयरिकीत बोकड कापायचा तर मुलाण्याला बोलावत. सुरी तोच फिरवी आणि त्याबद्दल त्याला धान्याचा वाटा मिळे. पाटलापासून कुणब्यापर्यंत सगळ्यांनी पिढ्यान्पिढ्या मुलाण्याच्या सुरीचे मटण खाल्ले. त्यांचा धर्म बुडाला नाही. मुलाण्याचे बलुते घालणारी ती माणसे हिंदू नव्हती काय?

मार्च २०२५ मध्ये राज्याचे मंत्री नितेश राणे यांनी झटका मटणाच्या दुकानांसाठी 'मल्हार सर्टिफिकेशन' जाहीर केले. विकणारा हिंदूच असेल, हा त्यातला मुख्य मुद्दा होता. पुन्हा तोच हात! आम्ही देवदेवस्की मानत नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे आहोत आम्ही. पण इतिहास तर मानतो. ज्या खंडोबाच्या नावाने हा दाखला काढला, त्या खंडोबाला मुसलमान भक्त मल्लूखान म्हणत आले आहेत. बहुजनांच्या देवालाही ज्यांना एकट्याचा करायचा आहे, ते उद्या बहुजनांच्या ताटाचे काय करतील?

पाटी कशाची हवी?

आपण काय खातो हे कळण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पाकिटावरचा हिरवा ठिपका त्यासाठीच असतो. 'हलाल' ही पाटीही त्याच जातीची. ज्याला हवे तो घेईल, ज्याला नको तो पुढे जाईल. कोणी झटक्याची पाटी लावली तरी आमची हरकत नाही.

पण काय शिजवले आणि कोणी शिजवले, यातला फरक सर्वोच्च न्यायालयाने फार नेमका दाखवला आहे. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरच्या खानावळींना मालकाचे नाव लावण्याचे आदेश निघाले. २२ जुलै रोजी न्यायालयाने त्यांना अंतरिम स्थगिती दिली. अन्न कोणत्या प्रकारचे आहे हे सांगायला लावता येईल, पण मालकाचे आणि नोकरांचे नाव लावण्याची सक्ती नको, असा त्या आदेशाचा आशय होता. आमचा सगळा लेख या एका वाक्यात येतो.

त्याच राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये हलालचा दाखला असलेल्या मालाच्या विक्रीवर बंदी घातली होती. त्यात एक सवलत ठेवली होती. निर्यातीच्या मालाला बंदी नाही! म्हणजे परदेशातून पैसा येत असेल तर हलाल चालते आणि गल्लीतल्या गरिबाने विकले तर देश धोक्यात येतो. याला धर्म म्हणायचे की धंदा?

आपल्या घरातही डोकवा

दुसऱ्याला बोल लावून भागणार नाही. त्या दिवशी "नको लफडं" म्हणणारा पुतण्या आपलाच आहे. घरी परतल्यावर त्याने आम्हाला मोबाईल दाखवला. त्याच्या खोलीवरच्या मुलांच्या ग्रुपवर हलालवर बहिष्कार घाला असे संदेश रोज येतात आणि आपलीही पोरे ते पुढे पाठवतात. का? तर त्या चार दिवसांत का होईना, आपण 'त्यांच्यातले' झाल्यासारखे वाटते.

खेदाने म्हणावे लागते, पण हा आजार फक्त पोरांचा नाही. आपल्या शिकलेल्या घरांतही सोसायटीत राहायला गेल्यावर सुकट भाजताना खिडक्या लावून घेतात. लग्नात शाकाहारी जेवण ठेवतात ते पटले म्हणून नव्हे, तर साहेब लोक काय म्हणतील म्हणून. कोणी मनापासून मांस सोडले तर त्याचे स्वागत आहे. पण लाजेपोटी ताट बदलणे म्हणजे बुद्धाचा मार्ग नव्हे. आणि कालपर्यंत ज्यांच्या हातचे पाणी चालत नव्हते त्यांनी आज दुसऱ्याच्या हातचे नाकारणे, याला प्रगती म्हणायचे काय? त्या शिडीवर आपण एक पायरी वर चढत नाही. आपण फक्त शिडी धरून ठेवतो.

जिन्याखालचा डबा

आता जे सांगायचे आहे ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

आम्ही उठलो तेव्हा ट्रे उचलायला एक भगिनी आली. ठेकेदाराचा गणवेश, हातात फडके. आमच्या छातीवरचा निळा बिल्ला बघून ती थबकली आणि हळूच म्हणाली, "जयभीम दादा. देहूरोडहून आलाव का?" ती परभणी जिल्ह्यातली. नवरा बांधकामावर, दोन लेकरे गावाकडे सासूजवळ. आजच्या दिवशी तिलाही देहूरोडला जायचे होते, पण सुट्टी मिळाली नाही.

काकांनी विचारले, "बाई, जेवलीस का?" ती म्हणाली, "पाळी सुटली की जेवते." कुठे जेवतेस, असे विचारल्यावर तिने खाली बोट दाखवले. गाड्या लावण्याच्या तळघरात जिन्याखाली. गणवेशातल्या माणसांनी या टेबलांवर बसायचे नाही, असे सुपरवायझरने बजावले आहे म्हणे. गुरुजी म्हणाले, "ताई, बसा. आमच्यासोबत दोन घास खा." ती हसली आणि म्हणाली, "नको भाऊ, नोकरी जाईल." आणि आमचे टेबल पुसून ती पुढच्या टेबलाकडे गेली.

बंधू-भगिनींनो, पिंपरी-चिंचवड ही कामगारांची नगरी. १९५४ साली इथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, मागोमाग मोठमोठे कारखाने आले. मराठवाड्यातून, सोलापुरातून आपली माणसे इथे पोटासाठी आली. १९४८ च्या कारखाना कायद्यात अडीचशेहून अधिक कामगार असतील तिथे कँटीनची तरतूद झाली होती. त्या कँटीनच्या बाकावर गावाकडे एकमेकांच्या ओसरीवर न चढणारी माणसे मांडीला मांडी लावून जेवली. जात तिथेही होती, पण बाक एक होता. आज मॉलमध्ये बाक चकचकीत झाला आहे. पैसे दिले की कोणी जात विचारत नाही, असे आमच्या तरुणांना वाटते. पण त्याच बाकाला फडके मारणाऱ्या बाईला त्यावर बसता येत नाही आणि कबाब भाजणाऱ्याचे नाव विचारून लोक उठून जातात. मग बदलले काय?

'हलाल' शब्दाची एक गोष्ट सांगून थांबतो. जुन्या मुंबईत सफाई करणाऱ्याला हलालखोर म्हणत. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात 'हलालखोर कर' असा शब्दच होता. अकबराच्या काळापासून हे नाव चालत आले आहे. त्याचा अर्थ हलालाचे खाणारा, म्हणजे हक्काचे, कष्टाचे खाणारा. समाजाने ज्याला सर्वांत खाली लोटले त्याचे नावच असे होते! आम्हाला विचाराल, तर त्या दिवशी त्या मॉलमध्ये सर्वांत हलाल जेवण जिन्याखालच्या त्या डब्यात होते.

आमच्या संघटनांनी यावर विचार करावा. मॉल, मोठी दुकाने, कंपन्या यांच्याकडे सफाई कामगारांच्या जेवणाच्या जागेची मागणी करावी. निवेदन द्यावे, पाठपुरावा करावा. प्रवासात जिथे म्हणून कोणी "बनवणारा कोण?" असे विचारील, तिथे आपल्या पोरांनी मान खाली घालू नये. आणि पुढच्या पंचवीस डिसेंबरला आपल्या शेजारचा एक मुस्लीम बांधव देहूरोडला सोबत न्यावा, वाटेत एकत्र जेवावे.

पुतण्याने दुसऱ्या दिवशी फोन केला. तो ग्रुप त्याने सोडला नाही. त्यावर त्याने मसूरच्या बैलगाडीची गोष्ट लिहून टाकली. दोघांनी शिव्या दिल्या आणि एकाने विचारले, हे खरे आहे काय?

त्या एकासाठी हे लिहिले. जयभीम!